मंत्र्याचा बडग्या कसा करायचा: विषय निवडण्यापासून पाटी रंगवण्यापर्यंत

पोळा जवळ आला की गल्लीतले पोट्टे विचारायला लागतात, भाऊ यंदा बडग्या (मिरवणुकीतला टीकेचा पुतळा) कोणाचा, आणि पाच मिनिटांत कोणत्यातरी मंत्र्याचं नाव फायनल होऊन जाते. मग मोठं पोट, काळा गॉगल, हातात नोटांची थैली, झाला बडग्या. असे बडगे रस्त्यावर ढिगानं निघतात आणि संध्याकाळी कोणाला आठवतही नाहीत, कारण पोट आणि गॉगल तर सगळ्याच पक्षात असते बे, त्यात टीका कुठं आली? खाली जे लिहून राहिलो ते बडग्यासाठी आहे, पण कोणाला झडती (पोळ्यात ओरडायच्या यमकाच्या ओळी) लिहायची असेल, ग्रुपवर टाकायला चार ओळी पाहिजे असतील, गणपतीच्या देखाव्यात चिमटा काढायचा असेल, तरी हेच कामात येते.

बाहेरगावच्यांसाठी थोडक्यात सांगतो. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघते, ही पद्धत १८८० च्या दशकापासूनची. लोक ओरडतात, इडा पीडा, रोगराई, महागाई घेऊन जाय गे मारबत! आणि या मारबतींच्या मागं-पुढं निघतात ते बडगे, बांबू-कागदाचे पुतळे, त्या वर्षी लोकांच्या डोक्यात जो राग आहे त्याचे. २०२५ ला टॅरिफवरून ट्रम्पचा पण बडग्या निघाला होता. शेवटी सगळे जाळतात.

आधी निर्णय पकडा, माणूस नंतर

मंत्री बदलते, खातं बदलते, पक्ष तर काय विचारूच नका, पण निर्णय कागदावर राहते आणि त्याचा त्रास लोकांच्या घरात राहते. म्हणून पहिला प्रश्न "कोणाचा" नाही, "कशाचा" असा पाहिजे.

उदाहरण घ्या. २०२४ ला राज्यात "एक राज्य एक गणवेश" आलं. त्याच्या आधी शाळेच्या व्यवस्थापन समितीकडे पैसे यायचे, गावातलाच टेलर पोराचं माप घेऊन ड्रेस शिवून द्यायचा. मग वरून ठरलं की सगळं एकाच ठिकाणाहून करायचं. शाळा सुरू होऊन गेली तरी कित्येक पोरांना ड्रेस नाही, आले ते कोणाला ढगळ कोणाला आखूड, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं स्वतःच निर्णय मागं घेऊन पुन्हा समितीकडे दिलं. आता याचा बडग्या करायला कोणत्या मंत्र्याचा चेहरा लागते का? एक शाळकरी पोरगं करा, एक बाही कोपरापर्यंत, दुसरी बोटाच्या खाली लोंबते आहे, पॅन्ट एका पायात गुडघ्यावर, आणि छातीवर लिहा "माप मंत्रालयात घेतलं". रस्त्यावरची प्रत्येक आई हसते आणि प्रत्येक आईला कळते. चेहरा लावला असता तर अर्धे लोक त्या पक्षाचे म्हणून चिडले असते आणि उरलेले विरोधातले म्हणून आपोआप हसले असते, दोन्ही फुकट.

मंत्र्याचं वाक्य जसंच्या तसं उचला

हा सगळ्यात सोपा भाग आहे आणि पोट्टे इथंच आळस करतात. आपण डोकं खाजवून विनोद करायची गरजच नसते, मंत्री स्वतः इतकं देऊन ठेवतात की आपल्याला फक्त पाटी रंगवायची असते.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं घरासकट वाहून गेली. गावकऱ्यांनी आधीच गळतीच्या तक्रारी केल्या होत्या. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरलं. मग काय, विरोधक जिवंत खेकडे घेऊन पोलीस स्टेशनला गेले, आरोपींना अटक करा म्हणून. हा माझ्या मते गेल्या काही वर्षांतला सगळ्यात भारी राजकीय चिमटा होता, कारण त्यात कोणी काही वाढवलं नाही. मंत्र्याचं म्हणणं खरं मानलं आणि पुढची कायदेशीर पायरी घेतली, बस. ही पद्धत पाठच करून घ्या: मंत्री जे बोलला ते शंभर टक्के खरं आहे असं समजा आणि विचारा, मग आता पुढं काय करायचं? खेकडा दोषी आहे तर त्याला नोटीस गेली का? त्याचा जबाब झाला का? त्याला बिळाचं काम कोणत्या टेंडरमधून भेटलं?

पण इथं एक सांभाळायचं. तिथं माणसं मेली होती. चिमटा मंत्र्याच्या वाक्याला काढायचा, वाहून गेलेल्या घरांवर एक अक्षर नाही, बडग्यासोबत कोणी पोट्टा बुडायची नक्कल करून नाचायला लागला तर त्याचा कान धरून त्याला बाहेर काढा.

दुसरं उदाहरण मालवणचं. राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनाला, पंतप्रधानांच्या हातून उभा झाला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला पडला. नऊ महिनेही पूर्ण झाले नाहीत. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे म्हणाले, ताशी ४५ किलोमीटरचा वारा होता. आता तिथंच समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे, १६६४ ला बांधायला घेतला, १६६७ ला झाला, साडेतीनशे वर्षांपासून त्याच अरबी समुद्राचा वारा खाऊन राहिला आणि अजून त्याला कोणी सांगितलं नाही की ४५ च्या वर गेलं की पडायचं असते. याच्यावर लिहायचं तर मी पुतळ्याला हातच लावणार नाही, महाराज हा आपल्यासाठी चेष्टेचा विषय नाही, आणि कोणाच्याही भावना दुखावतील ते वेगळंच. बडग्या वाऱ्याचा करा. पांढऱ्या कापडाचा लांब वारा, गळ्यात पाटी "मी आरोपी क्रमांक १, वेग ताशी ४५, जामीन मिळाला तर मोपेडवर घरी जाईन". मोपेड पण ४५ नं जाते म्हणून. तेव्हाचे शालेय शिक्षण मंत्री दीपक केसरकर, ते तर त्याच जिल्ह्यातले, म्हणाले होते की वाईटातून काही चांगलं घडेल. ते वाक्य पाटीवर घेऊ नका, ते इतकं पूर्ण आहे की त्याला जोडायलाच काही उरत नाही.

आणि कधीकधी मंत्री आपल्या हाताला काहीच ठेवत नाही. १ रुपयात पीकविमा २०२३ च्या खरिपापासून सुरू झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे बोलले की आजकाल भिकारीपण १ रुपया घेत नाही, आम्ही १ रुपयात विमा दिला. शेतकऱ्यांचा भडका उडाला. मग जुलैमध्ये खुलासा करताना म्हणाले की रुपया तर सरकार शेतकऱ्याकडून घेते, मग भिकारी कोण, सरकार! आता यावर आपण काय बडग्या करणार, कप्पाळ? मंत्र्यानंच सरकारचा बडग्या काढला. अशा वेळी शांत बसायचं आणि वाक्य तारखेसकट पाटीवर लिहून टाकायचं, खाली काहीच नाही.

बाय द वे ती योजना २०२५ च्या खरिपाआधीच बंद झाली, शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकाला ५. हे बहुतेकांना माहीतच नाही कारण सगळे "भिकारी" शब्दावरच भांडत बसले, पैशाची गोष्ट मागून निघून गेली. टीका करणाऱ्यानं शब्दाच्या मागं धावताना निर्णय सोडून दिला की मंत्र्याचं कामच होते.

कागद काढा, बेरीज करा

व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून बडग्या करू नका. राज्य शासनाच्या वेबसाइटवर शासन निर्णय (जीआर) टाकलेले असतात, खातं आणि तारीख टाकली की जीआर उघडते. दोन पानं संदर्भ क्रमांकाची असतात ती सोडा, "शासन निर्णय" असा मथळा येते तिथून वाचा, आणि अटी नीट वाचा, विनोद बहुतेक अटीत असते. हिंदीचंच पाहा ना. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी सक्तीची तिसरी भाषा म्हणून जीआर आला, बोंबाबोंब झाली, १७ जूनला सुधारून दुसरा आला. बातमी अशी चालली की सक्ती गेली. जीआर उघडला तर आत काय, हिंदी नको असेल तर दुसरी भाषा घ्या की, फक्त वर्गात किमान २० पोरं त्या भाषेची पाहिजे. आमच्याकडच्या कित्येक जिल्हा परिषद शाळेत अख्ख्या वर्गात २० पोरं नसतात! २९ जूनला दोन्ही जीआर रद्द झाले. बडग्या करायचा होता तर तो २० खुर्च्यांचा, १२ वर पोरं आणि ८ रिकाम्या, रिकाम्यांवर पाटी "तमिळसाठी विद्यार्थी पाहिजे, त्वरित संपर्क".

आता बेरीज. लाडकी बहीणचं घ्या कारण यात सगळ्यात जास्त फालतू विनोद होतात. जुलै २०२४ पासून महिन्याला १५००. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात २१०० चं वचन. २०२५-२६ च्या बजेटमध्ये तरतूद ३६,००० कोटी. मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. १५०० गुणिले १२ म्हणजे एका बाईला वर्षाचे १८,०००. ३६,००० कोटी भागिले १८,००० म्हणजे बरोबर २ कोटी बाया. पण तेव्हा पैसे भेटून राहिले होते २ कोटी ४० लाखांच्या आसपास बायांना. म्हणजे बजेट मांडलं त्या दिवशीच कागदावर लिहिलेलं होतं की बऱ्याच बहिणी लाडक्या राहणार नाहीत, कोणाला वाचायचं नव्हतं एवढंच. २१०० नं हिशोब केला तर तोच पैसा १ कोटी ४३ लाख बायांनाच पुरते. पुढं जुलै २०२५ ला खात्याच्या मंत्री आदिती तटकरे यांनीच सांगितलं की २६ लाखांवर अर्ज अपात्र दिसून राहिले, आणि त्यात हजारोंच्या संख्येनं पुरुषपण निघाले! लाडका भाऊ फॉर्म भरून बहीण झाला आणि पडताळणीवाल्यांना निवडणूक होईपर्यंत मिशा दिसल्या नाहीत.

इथं बडग्या कोणाचा? पैसे घेणाऱ्या बाईचा नाही. हे मी जोर देऊन सांगतो कारण दरवर्षी कोणी ना कोणी शहाणा "१५०० त विकल्या गेल्या" टाइपची पाटी आणते. ती बाई धुणीभांडी करते, तिला सरकारनं दिले तिनं घेतले. बडग्या त्या छाननीचा करा: दोन डोळे, मतदानाच्या आधी दोन्ही मिटलेले, मतदानानंतर दोन्ही टक्क उघडे, मधात एक सुतळी बांधून ओढता आली पाहिजे.

बोलायचा आवाज: सोंगाड्या आणि झडती

तमाशातल्या वगात राजा असते, प्रधान असते, आणि सोंगाड्या असते. सोंगाड्या राजाला कधी शिव्या देत नाही. तो भोळा होते, हात जोडून प्रश्न विचारते, आणि राजा उत्तर देता देता स्वतःच उघडा पडते. तुमच्या पाटीचा आवाज तो पाहिजे. "चोर", "गद्दार", "लुटारू" हे शब्द लिहून पाहा आणि मग खोडून टाका, ते लिहिल्यानं आपल्याला बरं वाटते, वाचणाऱ्याला काही नवीन कळत नाही. अभिनंदन करा, आभार माना, अर्ज करा, निविदा काढा. सरकारी मराठीत लिहिलेली पाटी जास्त झोंबते, "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की वारा यास निलंबित करण्यात येत आहे".

झडती माहीत नसेल त्यांना सांगतो, पोळ्याच्या तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असल्या की कास्तकार यमक जुळवून ओरडतात ती. सावकार, पाटील, तलाठी, आमदार, कोणी सुटत नाही. ओळी लहान, बोलीतल्या, आणि शेवट ठरलेला. रमी प्रकरणावर मी केलेली एक देतो. जुलै २०२५ मध्ये आमदार रोहित पवारांनी व्हिडिओ टाकला होता, सभागृहात कोकाटेंच्या मोबाइलवर पत्त्याचा गेम दिसून राहिला. कोकाटे म्हणाले मी खेळत नव्हतो, गेम आपोआप उघडला, मी तो बंद करत होतो. मग त्यांचं कृषी खातं गेलं आणि भेटलं कोणतं? क्रीडा!

वावरात माह्या साचलं पाणी
मोबाइलवर त्याइच्या राजा-राणी
शेतीचं खातं गेलं हातचं
बदल्यात भेटलं खेळाचं
एक नमन गौरा पार्वती, हर बोला, हर हर महादेव!

पाहा, "खेळत होते" असं मी कुठंच म्हटलं नाही. मोबाइलवर राजा-राणी होते हे व्हिडिओत आहे, खातं बदललं हे सरकारनं केलं. यमक जुळत नसेल तर ओढूनताणून जुळवू नका, "महादेव" शेवटी सगळं सांभाळून घेते.

पुतळा उभा करणे

आता हातातलं काम. सांगाडा बांबूच्या कमच्यांचा, सांधे सुतळीनं बांधायचे, तार लावू नका, खांद्यावर घेतल्यावर टोचते आणि जाळताना तशीच उरते. आत तणीस भरा, वरून तरट, त्यावर जुन्या पेपरचे थर मैद्याच्या खळीनं. खळीत थोडा मोरचूद टाकतात, उंदीर लागत नाही, पण लहान पोरांना त्यात हात घालू देऊ नका, विष असते ते. थर वाळायला वेळ लागते आणि श्रावण अमावास्येच्या आसपास ऊन कुठं असते, म्हणून आठवडाभर आधी सुरू करा आणि रात्री वर ताडपत्री टाकून ठेवा. रंग ऑइल पेंटच, पोस्टर कलर पहिल्याच सरीत गळून जाते आणि मंत्री ओळखू येत नाही.

उंची दहा फुटाच्या वर नेऊ नका. नागपूरच्या इतवारीकडच्या गल्ल्यांत विजेच्या तारा कुठं लोंबतात हे आदल्या दिवशी फिरून पाहून घ्या.

पाटीचं गणित सोपं आहे. मिरवणूक चालती असते, माणूस गच्चीवरून पाहते, त्याच्याकडे तीन-चार सेकंद असतात. सात-आठ शब्द, अक्षर वीतभर, पांढऱ्यावर काळं. तारीख आणि आकडा लाल. पोट्टे नेहमी पाटीवर निबंध लिहितात, अन् मग वाचायला लोक बडग्याच्या मागं धावून राहिले असं कधी पाहिलं का तुम्ही?

काय करायचं नाही

जात, रंग, उंची, आजार, बायको, पोरगी, बोलण्यातला अडखळेपणा, यातलं काही नाही. बाईमंत्री असेल तर तिच्या साडीवर आणि लिपस्टिकवर पाटी लिहिणाऱ्याला मंडळातून सुट्टी द्या. न्यूज चॅनेलचा लोगो लावून मंत्र्याच्या तोंडी खोटं वाक्य टाकायचं नाही, एआयनं आवाज बनवायचा तर बिलकुल नाही, ते विडंबन नाही राहत, बनावटगिरी होते आणि पकडलं तर तुमची खरी टीकापण खोटी ठरते.

नाव न घेतल्यानं आपण वाचतो हा गैरसमज आहे. मार्च २०२५ ला कॉमेडियन कुणाल कामरानं शिंदेंचं नाव न घेता विडंबन केलं, तरी मुंबईत खारच्या स्टुडिओची तोडफोड झाली, गुन्हा दाखल झाला आणि दुसऱ्या दिवशी महापालिका हातोडा घेऊन तिथं हजर. आयटी कायद्याचं कलम ६६ अ सुप्रीम कोर्टानं २०१५ ला रद्द केलं म्हणून पोस्टवर आता काही होत नाही असंही नाही, बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ म्हणून आहेच. त्यातच अपवादही आहे, सरकारी पदावरच्या माणसाच्या सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेनं मत मांडणं म्हणजे बदनामी नाही. म्हणूनच म्हणतो काम पकडा, माणूस नको. जीआरची प्रिंट, बातमीचं कात्रण तारखेसकट फाइलला लावून ठेवा आणि मिरवणुकीची परवानगी मंडळाच्या नावानं आधी काढा.

सरकारी नोकरीत असाल, जिल्हा परिषदेचे मास्तर असाल, तर बांबू कापा, खळ शिजवा, पण फेसबुकवर टाकू नका. २८ जुलै २०२५ चा जीआर आहे, कर्मचाऱ्यांनी सोशल मीडियावर शासनाच्या धोरणावर टीका करायची नाही. खळ शिजवण्याबद्दल त्यात काही नाही.

आणि शेवटी एक माणूस येणारच, प्रत्येक गल्लीत एक असते, त्यांच्या काळात काय झालं ते नाही दिसलं का म्हणणारा. त्याच्याशी भांडू नका, त्याला सामील करून घ्या. त्यांच्या काळातलं पण आहे आपल्याकडे. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत छापलं होतं की दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र १७.८ टक्क्यांवरून १७.९ वर गेलं, आणि खर्चाचा जो आकडा तेव्हा सगळीकडे चालला तो ७०,००० कोटींचा. सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं. नंतर श्वेतपत्रिका आली, त्यात वेगळे आकडे आले, पण तो पॉइंट एक टक्का लोकांच्या डोक्यातून काही गेला नाही. त्या काकांना सांगा याचा बडग्या तुमच्याकडे. दहा फुटाचा कोरडा कास्तकार करायचा, नखशिखांत मातीच्या रंगाचा, आणि दहा फुटाचा पॉइंट एक टक्का म्हणजे ३ मिलिमीटर होते, तेवढाच निळा पट्टा पायाच्या अंगठ्यावर मारायचा. पट्टी घेऊन मोजून मारा, जाड झाला तर लगेच विकास झाला म्हणतील.